प्रयोगशाळेतले स्पिरिट ही दारू नव्हे

विषारी दारूकांडाची बातमी आली की गोव्यातला माणूस ती परक्या मुलखाची बातमी म्हणून वाचतो. बोटाद गुजरातेत, सारण बिहारमध्ये, कळ्ळकुरिची तामिळनाडूत. आपल्याकडे गावोगावी परवान्याचे बार आहेत, दारू शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त आहे, काजूच्या हंगामात हुर्राक तर दारात येते. मग स्पिरिट प्यायची पाळी कुणावर येणार, असा आपला हिशोब असतो. मी डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात निवृत्तीपर्यंत रसायनशास्त्र शिकवले. माझे आजोळ पेडण्यातल्या हणखण्याचे, आणि तिथे मामांची काजूची भट्टी होती. दारू कशी गाळतात ते मी भट्टीवर पाहिले आणि अल्कोहोल म्हणजे काय ते प्रयोगशाळेत शिकले. दोन्हीकडचे पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की आपला हा हिशोब चुकीचा आहे, आणि तो चुकल्याचे कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

बारावीला अल्कोहोलचा धडा सुरू झाला की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास यायचा. ‘टीचर, कपाटातल्या बाटलीवर ९९.९ टक्के लिहिलंय. त्यात पाणी घातलं की व्हिस्कीच झाली ना?’ वर्गात हशा पिकायचा. मी मात्र त्या दिवशी पुढचा धडा बाजूला ठेवत असे. कारण हा प्रश्न विचारणारा मुलगा सतरा वर्षांचा असतो, त्याला बारमध्ये घेत नाहीत, खिशात पैसे नसतात आणि कपाट त्याच्या बाकापासून चार पावलांवर असते. घरी बाप फेणी पितो हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. दारूबद्दल त्याच्या मनात भीती नसते. त्यामुळे ‘अल्कोहोल’ हा शब्द लेबलवर दिसला की त्याला ती ओळखीची वस्तू वाटते.

मी टेबलावर दोन बाटल्या ठेवायची. एकीत इथेनॉल, दुसरीत मिथेनॉल, लेबले माझ्याकडे फिरवलेली. दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ. दोन्ही कंपनीच्या, दोन्हींना सारखेच झाकण. मग म्हणायची, ओळखा. मुले बाटल्या उजेडात धरून हलवून बघायची, एकमेकांकडे बघायची. त्यानंतर मी घनता मोजायची काचेची नळी काढून एकेका बाटलीतल्या द्रवात सोडायची. एकाची घनता ०.७८९, दुसऱ्याची ०.७९२. नळीवरच्या रेघांत हा फरक डोळ्याला दिसतही नाही. मुले गप्प व्हायची ती इथे. एक बाटली माणसाला झिंग आणते आणि दुसरी आंधळा करते, आणि दोन्हींमधला फरक सांगणारी गोष्ट एकच, ती म्हणजे बाहेर चिकटवलेला कागद.

तीच काचेची नळी मी मामांच्या भट्टीवर पाहिली होती. आमच्याकडे भट्टीवाले तिने ‘ग्राव’ मोजतात. मामा आधी बाटली हलवून वर येणाऱ्या फेसाचे मणी बघायचे. मणी किती बारीक, किती वेळ टिकतात यावरून ते फेणीचा जोर सांगायचे, आणि नळी घातली की बहुतेक वेळा त्यांचाच अंदाज बरोबर निघायचा. बोंडे कोळंबी म्हणतात त्या कुंडीत तुडवायची, निरो बाजूला काढायचा, रस मडक्यांत दोन-तीन दिवस आंबवायचा, भाणाला, म्हणजे गाळायच्या भांड्याला, जाळ लावायचा, सांधे वारुळाच्या मातीने लिंपायचे. जाळ मोठा झाला की मामा ओरडायचे. ‘बाय, घाई केली की ती बिघडते,’ एवढेच ते समजावून सांगायचे. पहिल्या धारेची हुर्राक, ती पुन्हा गाळून फेणी. या सगळ्यात एक गोष्ट पक्की होती. भाणात काय गेले हे माहीत असलेला माणूस समोर उभा असायचा, आणि त्याचे गिऱ्हाईक त्याचेच शेजारी असायचे.

फळाच्या दारूत मिथेनॉल अजिबात नसते असे नाही. फळातल्या पेक्टिनपासून ते थोडेसे तयार होतेच, द्राक्षाच्या वाइनमध्येही होते. पण सोबतच्या इथेनॉलच्या मानाने ते फार कमी असते. याचा अर्थ फेणी निरुपद्रवी आहे असा कुणी काढू नये. मद्याने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मान्य केले आहे, आणि दारूने धुळीला मिळालेली घरे पेडण्यात काय नि डिचोलीत काय, कुणाला दाखवून द्यावी लागत नाहीत. पण दारूचे व्यसन वर्षानुवर्षे पोखरते. मिथेनॉल एका रात्रीत निकाल लावते. मामांचा फेसाचा अंदाज, ग्रावची नळी, पेटवून बघितलेली निळी ज्योत, जिभेवरची चव, या सगळ्या परीक्षा दारूचा जोर सांगतात. विष सांगत नाहीत. ‘पेटवून बघितली, निळी जळली, म्हणजे अस्सल’ हे वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे. मिथेनॉलही जळते, आणि उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसतच नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. प्रयोगशाळेतल्या इथेनॉलमध्ये पाणी घातले तर काय होते? समजा बाटली खरोखरच शुद्ध इथेनॉलची आहे. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांच्या वर जात नाही, उरलेले पाणी त्याला सोडत नाही. ते शेवटचे पाणी काढण्यासाठी कारखान्यांत अनेक दशके बेंझीन वापरले गेले, आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. बाटलीवरची शुद्धता ही रासायनिक विश्लेषणासाठी असते. ती बनवताना, भरताना, साठवताना कुणीही माणसाच्या पोटाचा विचार केलेला नसतो. शिवाय शाळेच्या कपाटात शुद्ध इथेनॉल असतेच कितीसे? जास्त असते ते स्पिरिटच्या दिव्यात घालायचे डिनेचर्ड स्पिरिट. त्यात मिथेनॉल, पिरिडीन यांसारखे पदार्थ मुद्दाम मिसळलेले असतात, ते कुणी पिऊ नये म्हणूनच. रोगनिदान प्रयोगशाळांत आयसोप्रोपिल अल्कोहोल असते, झायलीन असते, फॉर्मालिन असते, आणि वापरलेले द्रावक पुन्हा एका कॅनमध्ये ओतून ठेवायची सवयही असते. त्या कॅनमध्ये नेमके काय आहे हे तिथल्या कर्मचाऱ्यालाही सांगता येणार नाही. आणि हे सगळे बाजूला ठेवले, तरी ९५ टक्क्यांचा एक घोट हा बारमधल्या दोन पेगांहून जास्त असतो. पैज लावून तो घोटणाऱ्याचा घसा भाजतो आणि मेंदूतले श्वासाचे केंद्र मंदावते. कुशीवर वळवायला कुणी शुद्धीत नसेल तर मुलगा झोपेतच जातो.

मिथेनॉलची गोष्ट याहून वाईट. आपल्या यकृतात अल्कोहोल पचवणारे एक विकर आहे. इथेनॉल त्याच्या तावडीत आले की शेवटी त्याचे व्हिनेगरमधले आम्ल होते, शरीर ते वापरून टाकते. मिथेनॉलही त्याच विकराकडे जाते. त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड होते, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्यात बुडवून ठेवतात ते. मग त्याचे फॉर्मिक आम्ल होते. काजूच्या झाडावर चढलेल्या प्रत्येकाला हे आम्ल माहीत आहे. हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, चावल्यावर जी आग होते ती त्याचीच. हे आम्ल रक्तात साठत गेले की पेशींना मिळालेला प्राणवायू वापरता येत नाही. माणूस श्वास घेत असतो, आणि आतून गुदमरत असतो. डोळ्यांच्या मज्जातंतूला पहिला फटका बसतो. वैद्यकाच्या पुस्तकांत १० मिलिलिटर मिथेनॉलने दृष्टी गेल्याची आणि ३० मिलिलिटरने मृत्यू झाल्याची नोंद असते. ३० मिलिलिटर म्हणजे आपल्याकडचा एक छोटा पेग.

यात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेळ. पिताना काही होत नाही. साधी झिंग येते, माणूस घरी जातो, झोपतो. आम्ल तयार व्हायला बारा ते चोवीस तास लागतात, आणि मिथेनॉलसोबत खरी दारूही घेतली असेल तर आणखी उशीर होतो, कारण यकृत आधी इथेनॉलच्या मागे लागते. दुसऱ्या दिवशी डोके दुखते, ओकाऱ्या होतात, पोटात कळा येतात. घरचे म्हणतात, काल जास्त झाली असेल, पडून राहू दे. संध्याकाळी तो म्हणतो, मला धुक्यातून बघितल्यासारखे दिसतेय. डॉक्टरकडे न्यायचे म्हटले की कुणीतरी लिंबूपाणी देते, कुणी उतारा म्हणून पुन्हा दारूच देते. ज्या चोवीस तासांत माणूस वाचू शकला असता ते असे निघून जातात.

‘आपल्याकडे दारू मुबलक आहे’ या युक्तिवादाकडे येते. महाराष्ट्रातल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, पांगरमल नावाचे गाव आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषद निवडणुकीच्या प्रचारात तिथे जेवणावळ झाली आणि दारू वाटली गेली. नऊ गावकरी मेले. तिथे दारूबंदी नव्हती, दुकाने उघडी होती. दारू फुकट होती, ती कुठून आली हे कुणी विचारले नाही. तपासात निघाले की ही बनावट दारू नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या उपाहारगृहात तयार होत होती. ज्या इमारतीत माणसांना वाचवायचे तिच्याच कँटीनमध्ये विष बाटल्यांत भरले जात होते. पांगरमलला टंचाई नव्हती, हे गोव्यातल्या वाचकाने ध्यानात घ्यावे. आपल्या पंचायतीच्या, जिल्हा पंचायतीच्या, विधानसभेच्या प्रचारात रात्री काय वाटले जाते हे पेडणे-डिचोलीतल्या मतदाराला मी सांगायला नको. त्या बाटल्यांचे बिल कुणी बघितले आहे?

टंचाईही विष आणते, हे वणीत दिसले. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे दुकाने बंद असताना सात जण सॅनिटायझर पिऊन मेले. त्याच्या आदल्या वर्षी आंध्रच्या प्रकाशम जिल्ह्यात कुरिचेडूला हेच घडले होते. त्या काळात सॅनिटायझरच्या बाटलीवर ‘अल्कोहोल ७० टक्के’ हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असे. आमच्या मागच्या बाकावरच्या मुलाने जे वाचले तेच वणीच्या मजुरांनी वाचले.

बाकीच्या कांडांचा माग काढला तर तो प्रत्येक वेळी एखाद्या गोदामापाशी जातो. बोटाद जिल्ह्यातल्या रोजिद आणि आसपासच्या गावांत जुलै २०२२ मध्ये चाळीसहून अधिक माणसे मेली. तिथे दारू गाळलीच नव्हती. अहमदाबादकडच्या एका रसायन कंपनीतून सुमारे ६०० लिटर मिथेनॉल बाहेर काढले गेले आणि पाणी घालून विकले गेले. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसे गेली, तेही मिथेनॉलनेच. त्या खटल्याचा निकाल लागायला २०२४ उजाडले, चौघे दोषी ठरले आणि बाकीचे आरोपी सुटले. पंजाबात मजिठ्याजवळ मे २०२५ मध्ये पंचविसावर माणसे मेली. तिथले मिथेनॉल इंटरनेटवरून मागवले होते, असे पोलिसांनी सांगितले. चादर, चार्जर, चपला मागवाव्यात तसे.

इथे माझे खरे म्हणणे येते. माझ्या नोकरीच्या काळात विद्यालयाला इथेनॉलची एक बाटली हवी असली की अबकारी खात्याची परवानगी, अर्ज, शिक्का, नोंदवही. ते योग्यच होते. पण त्याच वेळी मिथेनॉल इतर रसायनांच्या यादीत बसून, पुरवठादाराच्या खोक्यातून, कुणाच्याही शिक्क्याविना यायचे. इथेनॉल पिण्याजोगे म्हणून त्यावर कर, आणि कर आहे म्हणून त्याला कुलूप. मिथेनॉल पिण्याजोगे नाही, म्हणून त्यावर अबकारी कर नाही, आणि कर नाही म्हणून कुणाचे लक्ष नाही. शासनाने पहारा महसुलावर ठेवला आहे. माणसाच्या जिवावर ठेवलेला नाही. स्वस्त मिथेनॉल दारूच्या बाटलीत जाते ते याच फटीतून, कारण दोन्हींच्या किमतीतला फरक हाच त्या धंद्याचा नफा आहे.

विष मिसळून पिणाऱ्याला रोखता येते, ही समजूतही आता सोडायला हवी. अमेरिकेत १९२० च्या दशकात दारूबंदी असताना सरकारने औद्योगिक अल्कोहोलमध्ये मिथेनॉलचे प्रमाण वाढवायला लावले. लोकांनी पिणे सोडले नाही, मरायला लागले. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत दारूबंदीच्या काळात गरीब माणूस फ्रेंच पॉलिश प्यायचा, हे तेव्हाच्या गिरणगावातल्या माणसांकडून आपल्या आधीच्या पिढीने ऐकले आहे. विष मिसळायचेच तर सोबत रंग आणि न गिळवणारा कडूपणाही मिसळायला हवा. तसले कडू रसायन जगात उपलब्ध आहे आणि चिमूटभर पुरते. जीभच थुंकून टाकते.

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांविषयी मी मुद्दाम लिहिते आहे. पत्रादेवी आणि दोडामार्ग ही गोव्याची उत्तरेकडची दारे या दोन तालुक्यांत आहेत. पलीकडे बांद्याजवळ इन्सुली नाक्यावर महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क विभागाने ‘गोवा बनावटीची दारू’ पकडल्याची बातमी सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांना नवी नाही. ती दारू बहुधा खरीच असते, चोरी कराची असते. पण जिथे रात्रीच्या गाडीत बिलाविना बाटल्या जातात तिथे बिलाविना कॅन यायलाही वेळ लागत नाही. चालक तोच, वाट तीच, आणि नाक्यावरचा ओळखीचा माणूसही तोच. दुसरीकडे हरमल, मांद्रे, मोरजी हा किनारा. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिथे येणाऱ्यांची वर्दळ आणखी वाढली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या पर्यटनाच्या गावात सहा परदेशी पर्यटक मिथेनॉलने मेले, त्यांत एकोणीस वर्षांच्या दोन ऑस्ट्रेलियन मुली होत्या. तिथेही दारू स्वस्त होती, सगळीकडे मिळत होती, आणि पाहुण्यांना आग्रहाने पाजली जात होती. हरमलच्या किनाऱ्यावर रात्री उशिरा ज्या ग्लासात तीन रंगांची पेये एकत्र ओतली जातात, त्यातल्या बाटल्यांवरची सीले कोण तपासतो? आणि हॉटेलांबाहेर पडणाऱ्या महागड्या विदेशी मद्याच्या रिकाम्या बाटल्या, बुचे आणि खोक्यांसकट, कुठे जातात? बाटली न फोडता भंगारात देऊ नये, एवढा साधा नियमही आपण पाळत नाही.

फेणीलाही यातून धोका आहे. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे राज्याने तिला वारशाचा दर्जा दिला. त्याचा आनंद मामांना झाला असता. पण नाव मोठे झाले की नकलाही येतात. स्पिरिटमध्ये वासाचे इसेन्स घालून पर्यटकाला ‘होममेड फेणी’ म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत विकणे अवघड नाही. खरी फेणी काजूच्या हंगामात, मोजक्या भट्ट्यांवर, घाम गाळून होते. ती बाराही महिने हव्या तितक्या कॅनमध्ये कशी मिळते, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायचा आहे.

आता उपायांकडे येते. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की औद्योगिक अल्कोहोलवर कायदा करण्याचा अधिकार राज्यांना आहे. १९८९ च्या निकालाने हा अधिकार जवळजवळ केंद्राकडे गेला होता. त्यामुळे ‘हा आमचा विषय नाही’ असे म्हणायची सोय पणजीला आता राहिलेली नाही. डिचोलीची औद्योगिक वसाहत असो की तुयेची, जिथे जिथे द्रावकांचे पिंप उतरते तिथे मिथेनॉलच्या प्रत्येक लिटरचा हिशोब अबकारी खात्याने मागावा. किती आले, किती वापरले, किती उरले. किरकोळ आणि ऑनलाइन विक्री परवान्याशिवाय बंद करावी. गावठी भट्टीवाल्याच्या भाणाची जितक्या तत्परतेने तपासणी होते, तितक्याच तत्परतेने रसायनांच्या गोदामाची व्हावी.

शाळा-महाविद्यालयांनी तर कुणाच्या आदेशाची वाट बघू नये. मी एका विद्यालयात परीक्षक म्हणून गेले होते. तिथे दिव्यांसाठीचे स्पिरिट खिडकीत मिनरल वॉटरच्या बाटलीत ठेवलेले होते, लेबल तसेच पाण्याचे. बाहेर मे महिन्याचे ऊन, आणि प्रात्यक्षिक देऊन दमलेली तहानलेली मुले. मी ती बाटली तिथल्या तिथे उचलायला लावली. सहायकाने सांगितले की मूळ कॅन जड आहे, ओतताना सांडते, म्हणून सोयीसाठी. या सोयीचा बळी कुणीही होऊ शकतो, दारूला कधी न शिवलेला मुलगाही. स्पिरिट आणि मिथेनॉल कुलुपात, चावी एका जबाबदार माणसाकडे, काढलेल्या प्रत्येक मापाची तारखेसकट नोंद, आणि पिण्याच्या बाटलीत कोणतेही रसायन नाही, इतके करायला निधी लागत नाही. जिथे इथेनॉलने काम भागते तिथे मिथेनॉल मागवूच नये. आणि धडा शिकवताना त्या मागच्या बाकावरच्या मुलाला गप्प बसवू नये. त्याला पूर्ण उत्तर द्यावे, फॉर्मिक आम्लापर्यंत, डोळ्यांपर्यंत. मुले भीतीच्या भाषणाने ऐकत नाहीत. प्रक्रिया समजली की ऐकतात.

आरोग्य खात्याकडून माझी अपेक्षा अशी की तुयेच्या इस्पितळात, डिचोली-साखळीच्या आरोग्य केंद्रांत रात्रपाळीला असलेल्या डॉक्टरच्या मनात ‘दारू प्यायलाय, दिसत नाही’ हे शब्द ऐकताच मिथेनॉल हा शब्द यावा. यावर उपचार आहेत. रक्तातले आम्ल उतरवता येते, विकराला अडवणारे औषध आहे, ते नसेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली मोजून दिलेले इथेनॉलही तेच काम करते, आणि डायलिसिसने मिथेनॉल रक्तातून काढून टाकता येते. पण या सगळ्याला घड्याळाची मर्यादा आहे. हणखण्याहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) पोचायला लागणारा वेळ आधीच कमी नाही, त्यात घरी वाया घालवलेली दुपार परवडत नाही.

म्हणून वाचकाला शेवटी एवढेच विनवते. घरातला, शेजारचा, कामावरचा कुणी माणूस प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुके आल्याचे सांगत असेल, दम लागल्यासारखा श्वास घेत असेल, पोट धरून बसला असेल, तर त्याला झोपवू नका आणि उतारा देऊ नका. १०८ ला फोन करा, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा सरळ गोमेकॉत न्या. तो काय प्यायला ते डॉक्टरला खरे सांगा, बाटली उरली असेल तर सोबत न्या. त्याच्याबरोबर आणखी कोण कोण बसले होते त्यांची नावे काढा आणि त्यांनाही घेऊन चला, आज त्यांना काही होत नसले तरी. पोलिसांचे काय ते नंतर बघता येईल.